उष्टी हळद आणि टोचनची गाडी

मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली. बीएस्सी, केमिस्ट्री. दृष्ट, करणी, लिंबू-मिरची यांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते — म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको. खरं तर या सदरातले अनुभव वाचताना निम्म्या वेळा मला हसूच येतं. पांढरी साडी, उलटे पाय, पिंपळाचं झाड... माझ्या गोष्टीत यातलं काही नाही. माझ्या गोष्टीत एक जुनी डिझेल पिकअप आहे, आणि जे झालं ते दिवसाढवळ्या, डांबरी रस्त्यावर, चार माणसांदेखत झालं.

माझं सासर न्हावऱ्याचं, तालुका शिरूर. न्हावऱ्यातून जो रस्ता पारगाववरून चौफुल्याकडे जातो, त्याच्या कडेला आमच्या यांचं गॅरेज आणि गॅरेजच्या मागे घर. सासरे पूर्वी मेंढरं राखायचे. पुढे पाणी आलं, मेंढरं गेली, ऊस आला. यांना मात्र उसापेक्षा उसाच्या गाड्यांत रस. गाळप सुरू झालं की या रस्त्यावर रोज काहीतरी मोडून पडलेलं असायचं. कधी ट्रॉलीचा एक्सल, कधी ट्रकचा पाटा. ते ओढून आणायला यांनी लग्नाच्या आधीच ही पिकअप घेतली होती. मागच्या हौद्यात लोखंडी कैची उभी केलेली, तिला चेनपुली, आणि बंद गाडी ओढायला जाड साखळी. अशा ओढण्याला आमच्याकडे 'टोचन' म्हणतात. पंचक्रोशीत यांची ओळख 'टोचनवाला दत्तू' अशीच होती.

आमचं लग्न झालं चौऱ्याण्णव साली, दौंडला. नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद नवरीकडे येते, ती माझ्यासाठी न्हावऱ्याहून याच गाडीतून आली. मी खिडकीतून डोकावले तर बॉनेटवर हळदीचे पिवळे पंजे उमटलेले. वाटलं, निघताना पूजा केली असेल. मैत्रीण म्हणाली, "सुनंदे, गाडी तुझ्यापेक्षा जास्त नटलीय गं!" मीही हसले. वरातीला भाड्याची मोटार होती, त्यामुळे त्या दिवशी पिकअपमध्ये बसायचा प्रसंग आला नाही.

सासरी आले आणि पहिल्या महिन्यातच कळलं की या घरात आपला नंबर दुसरा आहे.

खोटं कशाला बोलू, मी जळायचे. त्या गाडीवर मी जेवढी जळले तेवढी कुठल्या बाईवर जळले नाही. नवीन बांगड्या भरून आले आणि आठवडाभर यांच्यासमोर खुळखुळवत फिरले, यांना ऐकू आलं नाही. पण गॅरेजमध्ये इंजिनाचं टॅपेट जरा वेगळं वाजलं की हातातला घास ताटात टाकून उठायचे. अन्वरभाई — हे यांचे वेल्डर मित्र, गॅरेजात दोघांची भागी — गाडी घेऊन बाहेर गेलेले असले तर हे ओट्यावर बसून आवाजावरून सांगायचे, "आली बग, वढ्याच्या पुलाच्या अलीकडं हाय." मी दिवसभर शेजारी वावरत असायचे, माझा यांना पत्ता नाही. मी मिक्सर मागितला तर गाडीला लाल रेक्झिनचं सीट कव्हर आलं. मी तिला मनात 'सवत' म्हणू लागले. एकदा तोंडावर म्हणाले, तर हे खूश होऊन हसले. त्याचा मला आणखी राग आला.

आणि तरीही मला तिच्यात बसायचं होतं. पुढच्या सीटवर, यांच्या शेजारी. दौंडला जायचं, रेल्वे कॉलनीतून एक चक्कर मारायची, सगळ्यांनी बघायचं... एवढीच हौस होती.

पहिल्या दिवाळसणाला तो योग आला. जरीची साडी नेसून, फराळाचे डबे मांडीवर घेऊन मी लाल सीटवर बसले. पारगावच्या भीमेच्या पुलावर पोचलो आणि गाडीने दोन आचके दिले. बंद!

हे खाली उतरले, बॉनेट उघडलं. पंप दाबून बघितला, पाइप सोडून बघितला.

"काय झालं?"

"काय कळंना. डिझेल तर येतंय. पाइपानं एअर बी न्हाई घेतलेली."

तेवढ्यात मागून उसाचा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हर ओळखीचा. तो पोट धरून हसायला लागला, "आरं दत्तूदादा, टोचनच्या गाडीलाच टोचन व्हय!"

लाजेने मी डबे घेऊन खाली उतरले. यांनी सहज सेल्फ मारला. पहिल्या फटक्यात चालू! मी परत बसले. आचके, बंद. उतरले, चालू. असं तीन वेळा झालं. ट्रॅक्टरवाल्याचं हसू थांबलं, तो म्हणाला, "वहिनी, मागनं यष्टी येतीय, तुम्ही त्यातनं जावा." आणि मी माझ्या दिवाळसणाला यष्टीतून गेले. यष्टीच्या मागे नवरा पिकअप घेऊन, एकटाच, मजेत. ती गाडी त्या दिवशी जी पळाली म्हणता!

नंतर हे नेहमीचंच झालं. आत्या — सासूबाईंना मी आत्या म्हणायचे — बसल्या तर गाडी चालायची. शेजारीण बसली, चालायची. शेळी बसवली तरी चालायची. मी बसले की काही अंतरावर बंद.

मी सायन्सवाली. म्हटलं, कारण असणारच, शोधू या. यांनी एक गोष्ट समजावली ती मला पटली होती. "डिझेल गाडीला एकदा चालू झाल्यावर करंटची बी गरज नसती. डिझेल गेलं की ती चालनारच. बंद पडती म्हंजी कुठंतरी डिझेल अडतंय." मग सीटखालून जाणारा पाइप माझ्या वजनाने दबत असेल, असं मी सुचवलं. शेजारच्या कांद्याच्या काट्यावर मला उभं केलं, तेवढ्या वजनाची कांद्याची गोणी भरली आणि माझ्या जागी ठेवली. गोणी शिरूरला जाऊन आली, बिनबोभाट. तरी यांनी पाइप सीटखालून काढून चेसीच्या बाहेरून घेतला. पंप खोलला, नोझल बदलले. मी बसले... गॅरेजचं फाटक ओलांडायच्या आत बंद.

दौंडला दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे सांगितलं. दादा लोको शेडमध्ये फिटर होते, नुकतेच रिटायर झालेले. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "स्टीमच्या काळात अशी इंजिनं असायची. एकाच्या हाताला चालायची, दुसऱ्याच्या नाही. आम्हीपण सगळं खोलून बघायचो."

"मग? काय निघायचं?"

"काही नाही. मग त्यालाच बोलवायचो." एवढं बोलून त्यांनी पेपर उघडला.

खंडेनवमीला गॅरेजात हत्यारांची पूजा होती. पाने, जॅक, साखळी, सगळं पुसून मांडलेलं. गाडीला झेंडूची माळ. अन्वरभाई चहा पिता पिता म्हणाले, "वहिनी, तुमी चिडनार नसाल तर एक सांगू? तुमची हळद दौंडला न्यायची व्हती ना, तवा आम्ही गंमत केली. वाटीतली हळद आदी हिच्या बॉनेटला लावली. म्हनलं, दत्तूची पयली बायको तर हीच! उरलेली मग तुमच्याकडं आली."

सगळे हसले. हेही हसले. आत्यांनी मात्र हातातलं ताट खाली ठेवलं.

"आरं येड्यांनो, उष्टी हळद आदी हिला लावली? म्हंजी थोरली हीच की."

इथे आत्यांबद्दल सांगायला हवं. त्या दुसरेपणावर दिलेल्या. सासऱ्यांची पहिली बायको बाळंतपणात गेली होती. जुन्या पद्धतीप्रमाणे तिच्या नावाचा चांदीचा छोटा टाक आत्यांच्या गळ्यात असायचा, मंगळसूत्राच्या शेजारी. नवीन लुगडं आलं की आधी त्या टाकाला दाखवायच्या, मग नेसायच्या. मला ते बघून नेहमी वाईट वाटायचं. गेलेल्या बाईचीही परवानगी घ्यायची!

त्या दिवशी टाक बोटात धरून त्या मला म्हणाल्या, "ही माझी थोरली. मी हिला कवा डावललं न्हाई, आन् ही मला कवा आडवी आली न्हाई. तू बी नवी साडी आणलीस की आदी गाडीला दाव. 'बाई, आदी तुम्ही नेसा' म्हन. आन् मग बग."

"आत्या, ती गाडी आहे. लोखंड आहे ते."

"हा टाक बी चांदीच हाय की."

मी ताडताड घरात निघून आले. जिच्यामुळे नवरा माझ्याकडे बघत नाही, तिलाच साडी दाखवायची? मेले तरी नाही, असं म्हणाले. आणि ते हळदीचं डोक्यातून जाईना. लग्नात माझ्या अंगाला लागली ती उष्ट्याचीही उष्टी होती.

यांनी मग वेगळाच घाट घातला. "इंजिनच जुनं झालंय. सगळंच बदलतो. तुझ्यासाठी करतोय बरं का." नवऱ्याने सवतीला दागिने करावेत आणि वर म्हणावं, तुझ्यासाठीच! नगर रोडला उलटलेल्या एका मिनी ट्रकचं टर्बो इंजिन आणलं. ते बसवायला अन्वरभाईंनी नवे माउंटिंग तयार केले. पाच गिअरचा गिअरबॉक्स आला, पॉवर स्टिअरिंग आलं, पाट्यांची संख्या वाढली, टाकी नवी, वायरिंग नवं. सीटसुद्धा नव्या. दोन-अडीच महिने हे गाडीखालीच होते, जेवण मी तिथे नेऊन द्यायचे. गाडीखालून नुसता हात बाहेर यायचा. जुन्यातली फक्त चेसी राहिली, आणि बॉनेट. बॉनेटचा पत्रा जाड आहे, आता असा मिळत नाही, म्हणून यांनी ते ठेवलं.

मला बरंच वाटत होतं. म्हटलं, चला, सगळं बदललं. आता कुठली थोरली नि कुठलं काय!

ट्रायलला मी बसले. नवं इंजिन असं गोड चालत होतं की माझंही मन फिरलं. फाटक ओलांडलं, रस्त्याकडेच्या कडुलिंबापर्यंत गेलो... दोन आचके. तेच, तसेच. बंद.

अन्वरभाईंनी कानाला हात लावले. मला भीती वाटली नाही. मला राग आला, इतका की दार आपटून खाली उतरताना मी तिला लाथ मारली. त्यानंतर दोन वर्षं मी त्या गाडीकडे ढुंकून पाहिलं नाही.

मग तो गुढीपाडव्यानंतरचा दिवस. सकाळी गॅरेजच्या फोनवर माझ्या भावाचा फोन आला. दादांना दवाखान्यात ठेवलंय, तुझं नाव घेतायत, असशील तशी निघ. दौंडची यष्टी नुकतीच गेली होती, पुढची दुपारनंतर. फाट्यावर एकही जीप नाही. हे गाडीची किल्ली घेऊन आले, "बस."

"ती नेणार नाही मला."

"बस तर!"

बसले. गाडी फाटकातच बंद पडली. मी उतरले आणि रस्त्याच्या कडेला खालीच बसले. ओरडून रडले. चाळीस किलोमीटरवर बाप वाट बघतोय आणि इथे एक लोखंडाचं डबडं मला जाऊ देत नाहीये.

आत्या घरातून आल्या. हातात हळदीकुंकवाचा करंडा आणि पाडव्याला आणलेली माझी मोरपंखी साडी, घडीही न मोडलेली. साडी माझ्यापुढे केली. मी उठले. साडी बॉनेटवर ठेवली. हळदीची बोटं ओढली, कुंकू लावलं. म्हणाले, "बाई, थोरल्या तुम्ही. आधी तुम्ही नेसा." हाताला बॉनेट गरम लागलं. चैत्राचं ऊन होतं, गरम लागणारच.

साडीतला ब्लाउजपीस मी आत सीटसमोरच्या दांडीला बांधला आणि बसले. गाडी निघाली. लिंब गेला, न्हावरे मागे पडलं. पारगावचा पूल आला, आणि अगदी दिवाळसणाच्या जागेवर गाडीने पहिला आचका दिला.

तेव्हा मी काय केलं ते मला नीट आठवतं. मी डॅशबोर्डवर दोन्ही हात ठेवले आणि यांच्यादेखत मोठ्याने म्हणाले, "नवरा ठेव तू. तुझाच आहे, मला नको. मला माझा बाप बघू दे."

दुसरा आचका बसला, इंजिन पूर्ण बंद झालं. नुसता चाकांचा आवाज येत होता. मग इंजिन परत लागलं. यांनी सेल्फ मारला नव्हता. गिअरमध्ये होती, वेग होता, म्हणून आपोआप लागलं असेल. मीच मला असं समजावते. यांनी थेट दवाखान्याच्या दारात गाडी उभी केली.

दादा शुद्धीवर होते. माझा हात धरून म्हणाले, "कशाने आलीस?"

"यांच्या गाडीने."

"बंद नाही पडली?"

"नाही, दादा."

"मग काय दिलंस तिला?"

मी त्यांची चादर नीट केली. दुसऱ्या दिवशी ते गेले. मला भेटून गेले, एवढं समाधान आहे.

त्या दिवसापासून गाडी माझ्यासाठी कधीही बंद पडली नाही. मी दर नवी साडी आधी तिला दाखवू लागले. विश्वास बसला म्हणून नाही... दिल्या शब्दाला जागायचं म्हणून म्हणा. जळणं मात्र थांबलं नाही. नवरा ठेव म्हणणं सोपं असतं, रोज तो तिच्याखाली झोपलेला बघणं सोपं नसतं.

पुढे नगर रोडला हायड्रॉलिक क्रेन आल्या. आमच्या चेनपुलीला कोण विचारणार? यांनी मन घट्ट करून गाडी कवठे येमाईच्या एका कांदा व्यापाऱ्याला द्यायचं ठरवलं. तो बायकोला घेऊन आला. बाई ऐटीत पुढच्या सीटवर बसली, पदर सावरला, आणि गाडी सुरू होऊन निघालीही. एक आचका नाही! मी दारात उभी होते. इतकी वर्षं मला रडवलं, आणि या बाईला बघता बघता नेलं? मी त्या बाईवर जळले. सवतीसाठी सवतीवर जळणारी मीच पहिली असेन.

थोड्या वेळाने व्यापारी चालत परत आला. "दत्तूभाऊ, फाट्यावर बंद पडलीया."

हे गेले, अन्वरभाई गेले. पाइप सोडले, एअर काढली, पंप तपासला. त्या बाईलाही उतरवून पाहिलं. काही उपयोग नाही. दुपार झाली तसा मी डबा घेऊन गेले. दांडीला बांधलेला माझा ब्लाउजपीस तसाच होता, तो तरी आपला सोडून घ्यावा म्हणून मी आत चढले, सीटवर बसले आणि गाठ सोडू लागले. यांनी वैतागून आणखी एकदा सेल्फ मारला.

चालू!

मी उतरले. बंद. बसले. चालू. तीन वेळा. व्यापाऱ्याने दोन्ही हात जोडले, "भाऊ, ही गाडी घ्यायची तर वहिनींना बी संगं न्यावं लागंल. नगं आपल्याला." आणि बायकोला घेऊन तो यष्टीची वाट बघत उभा राहिला.

आम्ही दोघं गाडी घेऊन घरी निघालो. फाटकाशी आल्यावर यांनी गाडी थांबवली, इंजिन चालूच होतं. स्टिअरिंगकडे बघत म्हणाले, "मी हिच्यासाठी हाडाची काडं केली. आन् ही चालती तुझ्यावर."

यांचं तोंड बघून मला कळलं की हे जळतायत. आणि कुणावर जळतायत हे त्यांचं त्यांनाही ठरवता येत नाहीये. मला हसू येत होतं, तेवढ्यात हे म्हणाले, "पुलावर तू हिला म्हनली व्हतीस ना, नवरा ठेव तू, मला नको?"

मला वाटलं होतं, विसरले असतील. इतक्या वर्षांत एकदाही विषय काढला नव्हता.

"म्हणाले होते."

"मग हिनं का न्हाई ठेवला?"

मी यांच्या हातावर हात ठेवला, काळ्या ग्रीसचा डाग माझ्या बांगडीला लागला. यांनी तो आपल्या शर्टाच्या टोकाने पुसला आणि म्हणाले, "ह्या बांगड्या नव्या हायेत व्हय?"

गाडी अजून आमच्या फाटकाशी उभी आहे. बंद का पडायची, चालू का झाली, मला आजही सांगता येत नाही. ते कळलं नाही तरी आता चालेल. 'हिनं का न्हाई ठेवला' या यांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा.